दुय्यम न्यायाधीशाची निवड, नेमणूक व कारकीर्द : चारकोपच्या निमित्ताने एक विवेचन

१. प्रश्नाचे स्वरूप

कांदिवलीच्या पश्चिमेस, गोराईच्या खाडीलगत वसलेले चारकोप हे एकेकाळी साष्टीतील एक लहानसे गाव होते. १९८५ साली जागतिक बँकेच्या साहाय्याने मुंबई नागरी विकास प्रकल्प हाती घेण्यात आला. त्या प्रकल्पाखाली येथे भूखंड आखले गेले, रस्ते, पाणी व मलनिस्सारण यांची सोय झाली, आणि पाहता पाहता सहकारी गृहनिर्माण संस्थांची एक दाट वसाहत उभी राहिली. २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेत चारकोप या नावाचा स्वतंत्र विधानसभा मतदारसंघ निर्माण झाला व २००९ साली तेथून प्रथम आमदार निवडून आला.

येथील प्रौढ नागरिक आपला नगरसेवक निवडतो, आमदार निवडतो, खासदार निवडतो. शिवाय आपल्या गृहनिर्माण संस्थेची कार्यकारी समितीही तोच निवडतो. परंतु ज्या अधिकाऱ्याच्या एका आदेशाने त्यास तीन वर्षेपर्यंत कारावास घडू शकतो, ज्याच्या मनाईहुकमाने त्याच्या घराचे बांधकाम थांबते, आणि ज्याच्या हुकूमनाम्याने त्याच्या मालमत्तेवर जप्ती येऊ शकते, त्या न्यायाधीशाच्या नेमणुकीत या नागरिकाचा काडीमात्र हात नसतो. बहुधा त्याचे नावही त्यास ठाऊक नसते. ज्या राज्यव्यवस्थेने सार्वभौमत्व जनतेच्या ठायी मानले, तिने स्थानिक न्यायाधीशाची निवड मात्र जनतेकडे सोपविली नाही. हे लोकशाहीतील न्यून समजावयाचे की विचारपूर्वक केलेली तजवीज समजावयाची, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

आरंभीच एक भेद स्पष्ट करणे इष्ट होईल. मराठीत ‘निवडणूक’ आणि ‘निवड’ हे शब्द एकाच धातूपासून आलेले असले तरी त्यांच्या अर्थांत महत्त्वाचे अंतर आहे. निवडणुकीत अनेकांचे मत मोजले जाते. निवडीत थोड्यांचे मत तोलले जाते. सामान्यत: वाद होतो तो या दोन प्रवेशद्वारांविषयी. तथापि न्यायाधीश कोणत्या दाराने आत आला यापेक्षा, आत आल्यावर त्याचे भवितव्य कोणाच्या हाती राहते, हा प्रश्न अधिक मूलगामी आहे, असे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

२. चारकोपच्या नागरिकाचा न्यायाधीश कोण?

‘स्थानिक न्यायाधीश’ हा शब्दप्रयोग मुंबईच्या बाबतीत काहीसा फसवा आहे. मुंबई उपनगर हा १९९० पासून स्वतंत्र महसुली जिल्हा असला तरी त्यास स्वतंत्र जिल्हा न्यायालय नाही. बृहन्मुंबईपुरते जिल्हा न्यायालयाचे काम मुंबई नगर दिवाणी व सत्र न्यायालय करते. हे न्यायालय १९४८ च्या अधिनियमाने स्थापन झाले. त्यापूर्वी शहरातील मोठे दिवाणी दावे थेट उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत चालत. प्रारंभी या न्यायालयाची आर्थिक अधिकारमर्यादा काही सहस्र रुपयांची होती. ती वाढत जाऊन २०१२ साली एक कोटी रुपये व २०२४ पासून दहा कोटी रुपये झाली आहे. पश्चिम उपनगरांच्या सोयीसाठी या न्यायालयाची शाखा गोरेगाव पूर्वेस दिंडोशी येथे चालते.

साष्टीच्या उत्तर भागाचा प्रशासकीय संबंध प्रदीर्घ काळ ठाणे जिल्ह्याशी होता. बृहन्मुंबईची हद्द १९५७ साली दहिसर-मुलुंडपर्यंत वाढविण्यात आली, तेव्हा कांदिवली-चारकोपचा हा पट्टा महानगरात आला. आज चारकोप पोलीस ठाण्याने अटक केलेला आरोपी बोरिवली येथील दंडाधिकाऱ्यापुढे उभा केला जातो. घरभाड्याचा तंटा लघुवाद न्यायालयात, गृहनिर्माण संस्था व तिचा सभासद यांमधील तंटा बहुधा सहकार न्यायालयात, आणि मालकी, करार वा मनाईहुकूम यांविषयीचा सर्वसाधारण दावा दिंडोशीस जातो. म्हणजे चारकोपच्या रहिवाशास एक न्यायाधीश नसून विषयपरत्वे अनेक आहेत.

दंडाधिकाऱ्याच्या पदनामाचाही येथे उल्लेख करावयास हवा. ब्रिटिश अमदानीतील ‘प्रेसिडेन्सी मॅजिस्ट्रेट’ १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने ‘महानगर दंडाधिकारी’ झाले. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत महानगर दंडाधिकारी हा वर्गच राहिलेला नाही. मुंबईस व एखाद्या तालुक्याच्या गावास आता ‘न्यायदंडाधिकारी, प्रथम वर्ग’ हे एकच पदनाम लागू आहे. तीन वर्षेपर्यंत कारावास व पन्नास हजार रुपयेपर्यंत दंड ही त्याच्या शिक्षाधिकाराची मर्यादा होय. सामान्य माणसाचा न्यायसंस्थेशी संबंध येतो तो मुख्यत्वे याच पायरीवर. सर्वोच्च न्यायालयाचे निर्णय तो वृत्तपत्रात वाचतो. बोरिवलीच्या न्यायालयाची पायरी मात्र त्यास स्वत: चढावी लागते.

३. निवडणुकीचा मार्ग : परदेशांतील अनुभव

हा न्यायाधीश लोकांनी निवडावा, ही कल्पना केवळ तात्त्विक नाही. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत संघीय न्यायाधीश राष्ट्राध्यक्षाकडून सिनेटच्या संमतीने नेमले जातात. परंतु घटक राज्यांपैकी बहुतेकांत न्यायाधीशांस कोणत्या ना कोणत्या टप्प्यावर मतदारांपुढे जावे लागते. मिसिसिपी राज्याने १८३२ साली सर्व न्यायाधीश निवडणुकीने नेमण्याचा प्रारंभ केला आणि न्यूयॉर्कने १८४६ च्या राज्यघटनेने तो मार्ग पत्करल्यावर इतर राज्यांत त्याचे वेगाने अनुकरण झाले. टेक्सासमध्ये तर मूळ अधिकारितेचे जिल्हा न्यायाधीश पक्षाच्या नावावर, चार वर्षांच्या मुदतीसाठी निवडून येतात.

या सुधारणेचा मूळ हेतू ध्यानात घेण्याजोगा आहे. एकोणिसाव्या शतकातील त्या सुधारकांना न्यायाधीश लोकानुनयी व्हावा असे वाटत नव्हते. गव्हर्नर व विधिमंडळातील पुढारी आपल्या मर्जीतील माणसे न्यायासनावर बसवीत, ती मिरासदारी त्यांस मोडावयाची होती. शासनापासून स्वातंत्र्य मिळविण्याचे साधन म्हणून त्यांनी निवडणुकीकडे पाहिले. ते स्वातंत्र्य काही अंशी लाभलेही; परंतु एका धन्याच्या जागी दुसरा धनी आला. २०१६ साली कॅलिफोर्नियातील सांता क्लारा परगण्याचे न्यायाधीश ॲरन पर्स्की यांनी लैंगिक अत्याचाराच्या एका खटल्यात दिलेली सौम्य शिक्षा लोकांस अत्यंत अन्याय्य वाटली व २०१८ साली मतदारांनी त्यांस मुदतीपूर्वीच पदावरून परत बोलाविले. ती शिक्षा योग्य होती की नव्हती, हा वेगळा प्रश्न आहे. विचार करावयाचा तो पुढील न्यायाधीशाचा. शिक्षा ठरविताना त्याच्या मनात आरोपी, पीडित व्यक्ती आणि कायदा यांच्या जोडीला आगामी मतदानही आल्यावाचून कसे राहील?

दुसरी अडचण पैशाची. निवडणूक म्हटली की प्रचार आला, प्रचार म्हटला की देणगीदार आले, आणि न्यायालयात वारंवार येणारे वकील व मोठे पक्षकार हेच बहुधा देणगीदार असतात. वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील एका कोळसा कंपनीच्या प्रमुखाने आपल्या कंपनीचे अपील ज्या न्यायालयापुढे येणार होते, त्याच न्यायालयाच्या निवडणुकीत एका उमेदवाराच्या बाजूने सुमारे तीस लक्ष डॉलर खर्च केले. निवडून आलेल्या त्या न्यायाधीशाने हे प्रकरण ऐकण्यापासून दूर राहावयास हवे होते, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयास २००९ साली द्यावा लागला, आणि तोही पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने. या दोषांवर उपाय म्हणून मिसूरी राज्याने १९४० साली एक मिश्र योजना अंगीकारली होती. तीनुसार एक आयोग नावे सुचवितो, गव्हर्नर त्यांतून नेमणूक करतो व काही काळानंतर मतदार केवळ ‘राहावा’ किंवा ‘राहू नये’ एवढेच सांगतात.

अलीकडील उदाहरण मेक्सिकोचे आहे. २०२४ च्या घटनादुरुस्तीनंतर त्या देशाने १ जून २०२५ रोजी न्यायाधीशांच्या निवडणुका घेतल्या. मतदान सुमारे १३ टक्केच झाले. ज्या नावांविषयी मतदारास काही ठाऊक नाही, त्यांतून निवड करण्याचा अधिकार त्यास दिल्याने न्यायसंस्था त्याच्या अधिक निकट येतेच असे नाही, हे यावरून उघड होते.

४. आपल्याकडील लोकाश्रयी न्यायाचे प्रयोग

आपल्या परंपरेत लोकांनी न्यायदानात भाग घेण्याची कल्पना अपरिचित नाही. मराठेशाहीत वतनाचे व हद्दीचे तंटे गोतसभेपुढे चालत. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार व आसपासच्या गावांचे वतनदार एकत्र बसत आणि निर्णयाचा महजर सर्वांच्या साक्षीनिशाणीने सिद्ध होत असे. परंतु गोतसभेतील आसन मतदानाने मिळत नव्हते. ते जन्माने व वतनाने मिळत असे. गावाच्या सामूहिक स्मरणाचे बळ तिच्या पाठीशी होते, त्याचप्रमाणे गावाच्या जातिव्यवस्थेची विषमताही तिच्यात पुरेपूर उतरली होती.

स्वातंत्र्योत्तर काळात निवडणुकीच्या तत्त्वावर आधारलेला खरा प्रयोग न्याय पंचायतींचा झाला. १९५८ च्या मुंबई ग्रामपंचायत अधिनियमात गावांच्या गटासाठी न्याय पंचायत स्थापन करण्याची तरतूद होती. तिचे सभासद गटातील ग्रामपंचायती निवडून देत, आणि किरकोळ रकमेचे दावे व क्षुल्लक अपराध यांपुरताच तिचा अधिकार असे. चारकोप त्यापूर्वीच महानगरपालिकेच्या हद्दीत गेल्यामुळे त्यास या योजनेचा स्पर्श झाला नाही. परंतु महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात निवडून आलेला न्यायकर्ता जर कधी अस्तित्वात असेल तर तो हाच. १९७० च्या दशकात महाराष्ट्राने ही प्रकरणे अधिनियमातून वगळली. गावातील गटबाजी न्यायासनापर्यंत पोहोचते, ज्याने मत दिले नाही तो पक्षकार निवडून आलेल्या पंचावर विश्वास ठेवीत नाही, ही न्याय पंचायतींविषयी देशभर आढळलेली तक्रार होती. पुढे २००८ साली संसदेने ग्रामन्यायालय अधिनियम संमत केला, तेव्हा ग्रामन्यायालयाचा न्यायाधिकारी निवडून द्यावयाचा न ठेवता, उच्च न्यायालयाच्या विचारविनिमयाने राज्य शासनाने नेमावयाचा ठेवला. न्याय गावापाशी न्यावा, पण न्यायाधीशाचे आसन गावाच्या राजकारणाबाहेर ठेवावे, असा हा विचार दिसतो.

लोकसहभागाचा दुसरा प्रकार ज्यूरीचा. मुंबईच्या सत्र न्यायालयात १९५९ साली चाललेला कमांडर नानावटी यांचा खटला या संदर्भात वारंवार उद्धृत केला जातो. परंतु त्यातील न्यायाधीशाच्या कृतीकडे मात्र पुरेसे लक्ष दिले जात नाही. शहरातील लोकमत आरोपीच्या बाजूने अक्षरश: उसळले होते, साप्ताहिकांनी मोहीम चालविली होती, ज्यूरीने आठ विरुद्ध एक अशा मताने आरोपीस निर्दोष ठरविले. सत्र न्यायाधीश र. भा. मेहता यांनी तो कौल स्वीकारला नाही. कोणतीही विवेकी ज्यूरी पुराव्यावरून असा निष्कर्ष काढू शकली नसती, अशा मताने त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठविले. उच्च न्यायालयाने मार्च १९६० मध्ये आरोपीस दोषी ठरविले व नोव्हेंबर १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. मेहता यांस पुढील वर्षी मुंबईच्या मतदारांपुढे जावयाचे असते, तर हे करण्यास त्यांस किती असाधारण धैर्य लागले असते, याची कल्पना करणे कठीण नाही. ज्या व्यवस्थेने त्यांस नेमले होते तीत हे करण्यासाठी केवळ कर्तव्यबुद्धी पुरेशी होती. संस्थांची रचना चांगली असण्याचे लक्षण हेच की तीत सामान्य माणसाला असामान्य धैर्यावाचून आपले कर्तव्य करता यावे.

५. शासनाच्या हाती असलेले भवितव्य : न्या. रानडे यांचे उदाहरण

यावरून निवडणूक टाळली की न्यायाधीश आपोआप स्वतंत्र होतो, असा समज होण्याचा संभव आहे. तो दूर करण्यासाठी महाराष्ट्रातीलच एका दुय्यम न्यायाधीशाची कारकीर्द पाहणे उद्बोधक ठरेल.

महादेव गोविंद रानडे यांची १८७१ साली पुणे येथे प्रथम वर्ग दुय्यम न्यायाधीश म्हणून नेमणूक झाली. त्यांची विद्वत्ता व निकालपत्रांची गुणवत्ता यांविषयी त्यांच्या वरिष्ठांतही दुमत नव्हते. परंतु सार्वजनिक सभेच्या कार्याशी असलेला त्यांचा संबंध सरकारच्या डोळ्यांत सलत होता. १८७८ साली त्यांची बदली नाशिकला झाली. पुढील वर्षी वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाने व पुण्यातील वाड्यांस लागलेल्या आगींनी सरकार धास्तावले होते, तेव्हा त्यांस धुळ्यास हलविण्यात आले. तेथे त्यांच्या टपालावरही नजर ठेवली जात होती, ही हकीकत रमाबाई रानडे यांनी आपल्या आठवणींत नोंदविली आहे. सरकारचा संशय फिटल्यावर १८८१ साली मुंबईत प्रेसिडेन्सी मॅजिस्ट्रेटच्या हंगामी पदावर त्यांस आणले गेले. त्यानंतर १८८४ साली ते पुण्याच्या लघुवाद न्यायालयाचे न्यायाधीश झाले, १८८७ साली डेक्कन शेतकरी साहाय्य अधिनियमाखाली विशेष न्यायाधीश झाले, आणि न्या. तेलंग यांच्या निधनानंतर १८९३ साली उच्च न्यायालयात गेले.

या क्रमात दोन गोष्टी स्पष्ट दिसतात. पहिली ही की, न्यायालयाची एकेक पायरी चढत, निरनिराळ्या गावी, निरनिराळ्या स्वरूपाचे काम करीत न्यायाधीश घडतो, ही कारकिर्दीची कल्पना आपल्याकडे दीडशे वर्षे तरी रूढ आहे. दुसरी ही की, ती कारकीर्द ज्याच्या हाती असेल, त्याच्या हाती न्यायाधीशही असतो. रानड्यांना कोणी निवृत्त केले नाही, त्यांचा पगार कापला नाही. केवळ बदली केली. बदलीची कारणे लेखी द्यावी लागत नाहीत, आणि म्हणूनच ती दबावाचे सर्वांत सोयीचे साधन ठरते. रानडे यांच्यासारखा पुरुष त्याने डगमगला नाही. परंतु संस्थांची उभारणी रानड्यांच्या भरवशावर करता येत नाही.

६. राज्यघटनेची योजना

घटनाकारांपुढे हे दोन्ही अनुभव होते. लोकांच्या हाती न्यायाधीशाचे भवितव्य दिले तर लोकमताचे दडपण येते. शासनाच्या हाती दिले तर शासनाचे येते. त्यांनी तिसरा मार्ग पत्करला. राज्यघटनेच्या सहाव्या भागातील अनुच्छेद २३३ ते २३७ यांत तो ग्रथित केला आहे.

अनुच्छेद २३३ प्रमाणे जिल्हा न्यायाधीशाची नेमणूक राज्यपाल उच्च न्यायालयाच्या विचारविनिमयाने करतो. अनुच्छेद २३४ प्रमाणे त्याखालील न्यायाधीशांची नेमणूक लोकसेवा आयोग व उच्च न्यायालय यांच्या विचारविनिमयाने केलेल्या नियमांनुसार होते. अनुच्छेद २३६ मधील व्याख्येनुसार ‘जिल्हा न्यायाधीश’ या संज्ञेत नगर दिवाणी न्यायालयाचा न्यायाधीशही अंतर्भूत होतो. त्यामुळे दिंडोशीचा न्यायाधीश घटनेच्या दृष्टीने जिल्हा न्यायाधीशच होय. परंतु या सर्वांचा गाभा अनुच्छेद २३५ मध्ये आहे. त्या अनुच्छेदाने दुय्यम न्यायालयांवरील ‘नियंत्रण’ उच्च न्यायालयाकडे सोपविले.

‘नियंत्रण’ या एका शब्दात काय काय येते, याचा निर्णय एकोणीसशे साठच्या दशकात लागला. पश्चिम बंगाल राज्य विरुद्ध नृपेंद्रनाथ बागची या प्रकरणात १९६५ साली सर्वोच्च न्यायालयाने शिस्तभंगाचा अधिकार या शब्दात येतो असे ठरविले. १९६६ साली आसाम राज्य विरुद्ध रंगा महंमद या प्रकरणात, जिल्हा न्यायाधीशाची बदली करण्याचा अधिकार शासनाचा नसून उच्च न्यायालयाचा आहे, असा निर्णय झाला. रानड्यांच्या कारकिर्दीत जे साधन सरकारने वापरले, ते या निर्णयाने सरकारच्या हातून काढून घेतले. त्याच वर्षी चंद्रमोहन विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या प्रकरणात, महसूल व दंडाधिकारी खात्यांतील कार्यकारी अधिकाऱ्यांना जिल्हा न्यायाधीशपदी नेमण्याची पद्धत घटनाबाह्य ठरली. त्या निर्णयाने जुन्या नेमणुका व निकाल धोक्यात येऊ नयेत म्हणून विसाव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २३३-क घालावा लागला.

अनुच्छेद ५० ने न्यायसंस्था व कार्यकारी सत्ता यांची फारकत करण्याचा निदेश दिला आहे. या बाबतीत मुंबई राज्याने इतरांच्या पुढे पाऊल टाकून १९५१ सालीच त्यासाठी अधिनियम केला होता, ही गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. तोपर्यंत जो मामलेदार सारा वसूल करी, तोच दंडाधिकारी म्हणून शिक्षाही देऊ शकत असे.

७. आजची कारकीर्द

महाराष्ट्रात या सेवेचे नियमन महाराष्ट्र न्यायिक सेवा नियम, २००८ यांनी होते. दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर, दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तर व जिल्हा न्यायाधीश असे तीन संवर्ग आहेत. सर्वांत खालच्या पायरीसाठी महाराष्ट्र लोकसेवा आयोग परीक्षा घेतो. १०० गुणांची पूर्वपरीक्षा, प्रत्येकी १०० गुणांच्या दोन प्रश्नपत्रिकांची मुख्य परीक्षा व ५० गुणांची मुलाखत असे तिचे स्वरूप आहे. उत्तीर्ण उमेदवार प्रशिक्षणासाठी भाईंदर पश्चिमेस उत्तन येथील महाराष्ट्र न्यायिक अकादमीत जातात. हे उत्तन गोराई-मनोरीच्या त्याच किनारपट्टीवर, चारकोपच्या समोरील खाडीपलीकडे उत्तरेस आहे. राज्याचे न्यायाधीश चारकोपच्या जवळच घडतात, परंतु चारकोपकरांशी त्यांचा संबंध येतो तो कठड्याच्या दोन बाजूंनीच.

या परीक्षेस बसण्यापूर्वी वकिलीचा अनुभव असावा की नसावा, यावर तीन दशके मतभेद चालू राहिले. अखिल भारतीय न्यायाधीश संघटनेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली तीन वर्षांच्या वकिलीची अट सुचविली. न्या. जगन्नाथ शेट्टी आयोगाच्या शिफारशींनंतर २००२ साली, हुशार पदवीधर या सेवेकडे वळावेत म्हणून, ती काढून टाकली. आणि २० मे २०२५ रोजी ती पुन्हा घातली. पदवीनंतर लगेच न्यायासनावर बसलेल्या तरुणास ग्रंथांतील कायदा येतो, पण साक्षीदार कसा बोलतो, अशील काय लपवितो व वकील तारीख का मागतो, हे न्यायालयाच्या आवारातच शिकावे लागते, अशी ही अट पुन्हा घालण्यामागील भूमिका आहे. मात्र तीन वर्षे अल्प कमाईवर वकिली करणे ज्यांच्या घरच्या परिस्थितीस परवडत नाही, अशा उमेदवारांस ती जड जाईल, ही शंकाही निराधार नाही.

तालुक्याच्या गावी एकच अधिकारी दिवाणी दावे व फौजदारी खटले असे दोन्ही चालवितो. मुंबईत ही कामे विभागलेली आहेत. साधारणत: तीन वर्षांनी बदली होते. स्वत:च्या गावी, अथवा जेथे वकिली केली तेथे, नेमणूक टाळण्याचा रिवाज आहे. त्यामुळे विदर्भातील खेड्यात वाढलेला, मराठवाड्यातील तालुक्यांत काम केलेला अधिकारी बोरिवलीच्या न्यायासनावर यावयाचा, हे नित्याचे होय. जिल्हा न्यायाधीशाच्या जागा तीन वाटांनी भरल्या जातात. काही ज्येष्ठता व गुणवत्ता पाहून बढतीने, काही सेवेतीलच अधिकाऱ्यांच्या मर्यादित स्पर्धापरीक्षेने व पंचवीस टक्के थेट भरतीने. थेट भरतीसाठी अनुच्छेद २३३ मध्ये सात वर्षांच्या वकिलीची अट आहे. सेवेत असलेल्या न्यायाधीशास ही वाट २०२० च्या एका निर्णयाने बंद झाली होती. ९ ऑक्टोबर २०२५ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने, वकिली व न्यायिक सेवा मिळून सात वर्षे भरत असल्यास ती खुली असल्याचे ठरविले. निवृत्तीचे वय साठ. परंतु अठ्ठावन्नाव्या वर्षी उच्च न्यायालय त्याच्या पूर्वीच्या कामाचे मूल्यमापन करते व तो पुढे उपयुक्त आहे असे आढळले तरच पूर्ण मुदत मिळते.

या अधिकाऱ्याची परीक्षा दर पाच वर्षांनी मतपेटीत होत नाही. ती रोज होते, पण वेगळ्या मार्गाने. न्यायालय खुले असते; निर्णयाची कारणे लेखी द्यावी लागतात; त्या कारणांवर अपिलात टीका होते; वार्षिक गोपनीय अहवालात निकालांची संख्या व प्रत दोन्ही नोंदविल्या जातात. मतदार आपल्या मताचे कारण सांगावयास बांधलेला नसतो, न्यायाधीश बांधलेला असतो. निवडणुकीतील उत्तरदायित्व व न्यायदानातील उत्तरदायित्व यांतील मुख्य भेद येथे आहे.

८. या योजनेचे मोल

तथापि कोणतीही योजना विनामूल्य नसते. भवितव्य उच्च न्यायालयाच्या हाती दिल्याने मतदार व मंत्री दोघांचेही दडपण टळले; पण त्याऐवजी वरिष्ठ न्यायालयाच्या मर्जीचे भय निर्माण होऊ शकते. जामीन देण्याचा अधिकार असूनही तो वापरण्यास कनिष्ठ न्यायाधीश कचरतो, अशी खंत सर्वोच्च न्यायालयातील न्यायमूर्तींनीही अलीकडे जाहीरपणे व्यक्त केली आहे. आपला आदेश चुकीचा ठरला तर हेतूविषयी शंका घेतली जाईल, या भीतीने नकार हाच सुरक्षित मार्ग वाटू लागतो. न्यायाधीशाची चूक व न्यायाधीशाचा अपराध यांत नियंत्रण करणाऱ्याने काटेकोर फरक केला नाही, तर अनुच्छेद २३५ ची ढाल हीच बेडी होऊन बसेल.

दुसरे मोल आहे ते दुराव्याचे. तीन वर्षांनी बदलणारा न्यायाधीश स्थानिक हितसंबंधांपासून मुक्त राहतो. परंतु एखादा दिवाणी दावा दहा-बारा वर्षे चालला तर तो चार-पाच न्यायाधीशांच्या हातांतून जातो. साक्षीदारास ज्याने प्रत्यक्ष पाहिले, तो निर्णय देत नाही; जो निर्णय देतो, त्याने केवळ लिहिलेली जबानी वाचलेली असते. चारकोपमधील पुनर्विकासाचा अथवा भूखंड-हस्तांतरणाचा तंटा समजण्यास त्या वसाहतीची घडण ठाऊक असावी लागते, आणि ती ठाऊक होईतो बदलीचा हुकूम येतो. निवडून आलेल्या न्यायाधीशास हे स्थानिक ज्ञान असते, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. मात्र त्या ज्ञानाबरोबर स्थानिक लागेबांधेही येतात. वर पाहिलेल्या अनुभवांवरून, या दोहोंपैकी ज्ञानाची उणीव अभ्यासाने भरून निघू शकते, लागेबांध्यांची नाही, असाच निष्कर्ष निघतो.

म्हणून चारकोपच्या नागरिकास न्यायाधीश निवडण्याचा अधिकार नाही, यात त्याचा अधिकारसंकोच झालेला नसून त्याच्याच एका अधिक मौलिक हक्काचे रक्षण झाले आहे. तो अल्पमतात असला, अप्रिय असला, निवडून आलेल्याच्या विरुद्ध उभा असला, तरी त्याचे म्हणणे ऐकणारा कोणीतरी असावा, हा तो हक्क होय. बहुमतात असणाऱ्यास न्यायालयाची गरज त्या मानाने कमी पडते.

या विषयावर संशोधन करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांस येथे मोठे क्षेत्र मोकळे आहे. उच्च न्यायालयाच्या निर्णयांवर विपुल लिहिले गेले आहे. दुय्यम न्यायालयांविषयी मराठीत फारच थोडे. एखाद्या दाव्याच्या आयुष्यात किती न्यायाधीश बदलले, बदलीनंतर साक्षी पुन्हा नोंदवाव्या लागल्या काय, जामिनाच्या अर्जांवरील आदेशांत कारणमीमांसा कितपत आढळते, वकिलीचा अनुभव असलेल्या व नसलेल्या न्यायाधीशांच्या निकालपत्रांत काही फरक दिसतो काय, हे प्रश्न दिंडोशी व बोरिवली येथील दप्तरांच्या आधारे तपासून पाहता येण्यासारखे आहेत. न्यायालयांचे दैनंदिन आदेश आता संगणकावर सर्वांस उपलब्ध असल्यामुळे एका पिढीपूर्वी दुष्कर असलेले हे काम आज एका प्रबंधाच्या आवाक्यात आले आहे. त्याचा प्रारंभ एखाद्या वसाहतीपासून, एखाद्या पोलीस ठाण्याच्या हद्दीतील खटल्यांपासून करावा, म्हणजे सामग्री मर्यादित राहील व निष्कर्षांस आधार मिळेल.